लोकरीचे वेढे

“पुन्हा मक्याची सालपटं? काका, मासे धरायचेत की डुकरं पाळायचीत?”

बर्फ फोडणारे दोघे खलाशी फिदीफिदी हसले. चोमिनने मान वर केली नाही. बोटीच्या मागच्या काठाशी, नेहमीच्या फळीवर बसून तो सालपटांचं आमिष गळावर बांधत राहिला. बोलणारा होता बेन्यात, त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा, आता बोटीचा तांडेल. गळाची पहिली गाठ त्याला चोमिननंच शिकवली होती.

“तुझा आजा यावरच कुपा मासा धरायचा,” चोमिन म्हणाला.

“आणि काल काय केलंस? झुंजूमुंजू होतंय आणि गुलाबी आमिष सोडलंस! पहाटे काळं, उन्हात गुलाबी, आभाळ आलं की हिरवं, हे तूच शिकवलंस ना आम्हाला? ती बघ शेजारची बोट, नुसते मासे ओढतायत. आपण तीन दिवस पाणी नांगरतोय. दुपारपर्यंत मासा लागला नाही, तर दोऱ्या मी बघतो. तू खाली बटाटे सोलायला बस.”

चोमिनने शेजारच्या बोटीकडे पाहिल्यासारखं केलं. राखाडी पाण्यावर एक राखाडी डाग, एवढंच त्याला दिसलं.

गेल्या हिवाळ्यापासून एकेक रंग त्याच्या डोळ्यांतून निघून चालला होता. त्याच्या गावच्या, ओंदारोआच्या, गल्ल्या पायांना पाठ होत्या, त्यामुळे घरी निभावून जाई. पण पेटीतली ती आमिषाची रबरी माकुळं! काळं काय, हिरवं काय, बोटांना सगळी सारखीच गुळगुळीत. सालपट तेवढं हाताला कळायचं. म्हणून हा जुन्याचा हट्ट. हट्टी म्हातारा बोटीवर चालतो. ज्याला दिसत नाही, त्याला कोण ठेवून घेईल?

तो उठला. डाव्या दांड्याची दोरी चाचपली. परत बसला. पुन्हा उठून उजवीकडे गेला. दोन्ही बाजूंना पसरलेल्या लांब दांड्यांवरून दोऱ्या मागे सुटल्या होत्या, पण एकीलाही झटका नव्हता.

“बाबा, बसा हो जरा. बोट डुलतेय ती कमी आहे का?”

ही गाराझी, त्याची लेक. एका खलाशाचा हात मोडला म्हणून यंदा पहिल्यांदाच बोटीवर आलेली. माशांवर बर्फ घालायचं काम तिचं. आठ महिन्यांचं लेकरू आईकडे सोपवून आली होती, आणि हात रिकामे झाले की त्याच्यासाठी पायमोजा विणत बसायची.

चोमिनने चिडून पेटी पुढ्यात ओढली. एक रबरी माकूळ उचललं आणि तो थबकला. माकुळाच्या मानेशी काहीतरी मऊ लागलं. लोकर. एक वेढा, पक्का बांधलेला. दुसऱ्याला दोन वेढे. तिसऱ्याला तीन.

शेजारी सुया टकटकत होत्या. गाराझी टाके मोजल्यासारखी पुटपुटत होती, “एक काळा, दोन गुलाबी, तीन हिरवा… एक काळा, दोन गुलाबी…”

“अगं, बाळाला पायमोजे करतेस की जत्रेची निशाणं?” एक खलाशी ओरडला.

“तुला टोपरं करू का? टकलाला ऊब येईल,” ती म्हणाली, आणि पुन्हा मोजू लागली.

चोमिनने माकुळावरचे वेढे पुन्हा एकदा बोटांनी मोजले. तिला केव्हा कळलं? कालच्या गुलाबीनंतर, की त्याही आधी? विचारण्याची छाती झाली नाही. त्याने तोंड वर केलं. गालांवर ऊन नव्हतं. आभाळ दाटलेलं. त्याने तीन वेढ्यांची माकुळं निवडली.

“जवळच्या दोऱ्यांना ही लावा. लांब नको, बोटीमागच्या फेसातच खेळू देत. बेन्यात, वेग थोडा उतरव!”

थोड्याच वेळात डावा दांडा वाकला. मग उजवा.

“लागला! लागला रे!”

“पहिला लगेच घेऊ नका,” चोमिन ओरडला. “राहू द्या पाण्यात. त्याच्यामागे बाकीचे येतात.”

आले. डेकवर शेपट्यांचा ताशा सुरू झाला. बेन्यात सुकाणूवरून हसत ओरडला, “काका, तू आणखी दहा वर्षं हलू नकोस तिथून!”

चोमिन तरणा झाला होता. काठाशी आलेल्या माशावर त्याने आकडी हाणली. आकडीला अडकलं ते कापड. टर्रकन फाटल्याचा आवाज आला. गाराझीची बाही मनगटापासून कोपरापर्यंत उघडी.

“काही नाही, काही नाही,” ती घाईने म्हणाली. “माझीच बाही ढगळ. मारा, बाबा, मासा जाईल!”

त्याने तिचा हात धरला आणि बोटांनी मनगटापासून वर चाचपत नेला. ओलं होतं. त्याने बोट जिभेला लावलं. समुद्राचं पाणी, रक्त नव्हे.

त्याने आकडी तिच्या हातात दिली. पेटी तिच्या पायांशी सरकवली.

“काका, निघालास कुठे? रांग लागलीय माशांची!”

“भूक लागलीय सगळ्यांना,” चोमिन म्हणाला. “माझ्या फळीवर गाराझी बसेल.”

बेन्यातची नजर त्या फाटक्या बाहीवर गेली आणि तो पुन्हा सुकाणूकडे वळला.

खाली, जिन्याशी बसून चोमिनने पहिला बटाटा घेतला. सुरी आणि अंगठा, बाकी कशाची गरज नव्हती. जिन्यातून उबेचा एक पट्टा त्याच्या गुडघ्यावर येऊन पडला.

“बाबा!” वरून गाराझीची हाक आली. दुसऱ्या टोकाच्या खलाशालाही ऐकू जाईल एवढी मोठी. “ऊन पडलं! आता कुठलं सोडू?”

उन्हात कुठलं, हे तिला माहीत होतं. बोटीवर सगळ्यांनाच माहीत होतं.

वर सगळे थांबले होते.

“दोन वेढ्यांचं,” तो म्हणाला, आणि दुसरा बटाटा उचलला.