कुलिंजन आणि मीठ

आमच्या किनाऱ्यावर कुणाच्या अंगात वारा शिरून कसकस आली की बोलावणं मला येतं. पाठीला तेल लावायचं, नाण्याच्या कडेने खरवडायचं, लाल पट्टे उठले की वारा गेला. तीस वर्षं हेच करतेय. कातडीतलं मला कोण शिकवणार, अशी माझी घमेंड होती.

त्या सकाळी नवऱ्याची पाठ खरवडायला घेतली. माझे तास्मिजान मासेमारीची जाळी विणतात, हात राठ, पण नाणं टेकायच्या आधीच ओरडतात. खांद्याखाली त्यांना वर्षभरापासून एक फिकट चट्टा होता. शिबं, दुसरं काय असणार? मी रोज कुलिंजनाचं मूळ ठेचून, मीठ घालून चोळत होते. नाणं त्या चट्ट्यावर गेलं आणि ओरडणं बंद झालं. मी दाबून खरवडलं. आणखी दाबून. रक्त आलं.

"थांबलीस की काय गं?" ते म्हणाले.

मी नाणं खाली ठेवलं. मग एकेक आठवायला लागलं. वाळूत चप्पल निसटली तरी हे तसेच पुढे गेले होते. डावी करंगळी वाकत चालली होती, जाळ्याची गाठ सुटायची, आणि मी वयावर ढकलायचे.

दोन दिवस मला एका जागी बसवेना. चूल पेटवायची, विझवायची, पुन्हा पेटवायची. शेजारची रुकानाह पाठ खरवडून घ्यायला आली, तिला दारातूनच परत पाठवलं. महारोग म्हटलं की माझ्या हाताखाली पाठ कोण देणार? पण यांची बोटं गेली तर? तिसऱ्या दिवशी यांना दवाखान्यात नेलं.

"शिब्यांसाठी दवाखाना," हे वाटभर कुरकुरले. "लोक हसतील."

"हसू देत. चला गप."

एंदाह नर्स आमच्या लेकीच्या वयाची. तिने कापूस घेतला. "काका, डोळे मिटा. लागेल तिथे बोट ठेवा."

चट्ट्यावरून कापूस तीनदा फिरला. हे मांडीवर हात ठेवून शांत बसले होते.

"कुष्ठरोग दिसतोय, डॉक्टर बघतीलच," ती हळूच म्हणाली. "गोळ्या फुकट आहेत. वर्षभर नेमाने घ्यायच्या, बरा होतो. बोटाचं मात्र आत्ता सांगता येत नाही, आधी यायला हवं होतं. काय लावत होतात?"

मी सांगितलं.

"मीठ घालून? रोज?" तिने यांच्याकडे पाहिलं. "काका, आग नाही झाली?"

"छे," हे माझ्याकडे वळून कौतुकाने हसले. "हिचा हात फार हलका आहे."