स्वातंत्र्याची आवक नोंद

प्रांत मंगळवारी सकाळी अकरा वाजता स्वतंत्र झाला. पण ते सोडा, झालाच नाही असं समजू. कारण राजधानीहून आलेल्या स्वातंत्र्याच्या पत्राला अजून आवक क्रमांक पडलेला नाही, आणि क्रमांक टाकणारे कचेरीतले मुख्य कारकून बडेबाबू डोक्याला हात लावून बसलेत.

प्रांत स्वातंत्र्याला लायक आहे का, हे तपासायला राजधानीनं चाळीस प्रश्न धाडले होते. पूल बांधता येतो का, आपसातली भांडणं मिटवता येतात का, वगैरे. एकोणचाळीस उत्तरं बडेबाबूंनी जेवणाच्या सुट्टीआधी हातावेगळी केली. चाळिसावा प्रश्न होता, 'कोणालाही न विचारता निर्णय घेता येतो का?' बडेबाबूंनी राजधानीला पत्र टाकून विचारलं, इथे काय लिहू? उलट टपाली उत्तर आलं, 'हो लिहा.' त्यांनी लिहिलं. प्रांत पास.

आज निकाल आला : तुम्ही स्वतंत्र. यापुढे आम्हाला काहीही विचारू नये. राजधानीनं नेमलेल्या साहेबांनी खुर्चीवरची उशी काखेत मारली, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि मागे वळून न बघता राजधानीची गाडी पकडली. टेबलावर उरला बडेबाबूंचा रजेचा अर्ज. चार महिने तिथेच होता. मुलीचं लग्न शनिवारी, दुसऱ्या शहरात.

बायकोचा फोन आला.

"रजा झाली का?"

"देणारा गेला."

"मग घ्या की! आता तुम्हीच सरकार."

"अगं, सरकार असं मनाला येईल तसं वागत नसतं."

"अहो, मुलगी तुमची, पाय तुमचे. गाडीत चढायला शिक्का कशाला हवा?"

"सत्तावीस वर्षांत एकदा तरी विनापरवाना गैरहजर राहिलोय का मी?"

मुलीनं फोन ओढून घेतला. "बाबा, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवलीय. नाही आलात तर तिच्यावर तुमचा अर्ज ठेवीन. तोही बसूनच असतो."

बडेबाबूंनी मनाचा हिय्या केला, कोरा कागद ओढला आणि आयुष्यातला सगळ्यात धाडसी मजकूर लिहिला :

'महोदय, सविनय विनंती की, आज दिलेलं स्वातंत्र्य येत्या सोमवारपर्यंत परत घ्यावं, म्हणजे माझी दोन दिवसांची रजा मंजूर करायला कोणीतरी असेल. ता. क. आपल्याला काहीही विचारू नये असं आपण कळवलं आहे. तरी, हे विचारण्यास पूर्वपरवानगी मिळावी.'