फोन करू नका

ताई एकदा बोलायला लागली की समोरच्याने घड्याळ बघायचं सोडून द्यावं. पडद्यांच्या दुकानात ती विक्रीला असते, आणि ज्याच्या घराला खिडकीच नाही त्याच्याही गळ्यात पडदा मारते, असं तिचे मालकच म्हणतात. तिचा धाकटा भाऊ नेमका उलटा. लहानपणापासून बोलताना अडखळतो, म्हणून घरात त्याचं नाव पडलं मुनी. त्याच्या वतीने सगळीकडे ताईच बोलायची. त्याने 'पा' म्हटलं की हिने पाण्याचा पेला पुढे केलाच, मग बिचाऱ्याला पाकीट का हवं असेना!

असा हा मुनी अडखळणाऱ्यांना बोलायला शिकवायचा क्लास काढतो म्हणाला, तेव्हा नातेवाईक तोंडावर हात ठेवून हसले. ताई नाही हसली. गोदामातली नोकरी सोडताना त्याचा निरोप समारंभ झाला, तो तिने पाहिला होता. मुनी भरल्या सभागृहापुढे उभा राहिला, मध्येमध्ये अडला, अडला तिथे शांतपणे श्वास घेतला आणि भाषण पूर्ण करूनच खाली बसला. आरशापुढे एकट्याने वर्षानुवर्षं केलेली मेहनत होती ती. ताईचा ऊर भरून आला. टाळ्या वाजवता वाजवता मांडीवरची पर्स खाली पडली, तेही तिला कळलं नाही.

चष्म्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. भिंतीला उंच आरसा, ओळीने खुर्च्या, दाराशी टेबल आणि त्यावर फोन. जाहिरातीचं काम अर्थातच ताईने आपल्याकडे ओढलं.

"तू फक्त शिकव. माणसं आणायचं माझ्याकडे लागलं."

पत्रकं छापून आली. 'न्यूनगंडावर मात! प्रभावी संभाषणातून सर्वांगीण व्यक्तिमत्त्व विकास! बोला बिनधास्त, जिंका जग! आजच फोन करा!'

मुनीने डोकं खाजवलं. "ताई, यात मी न... नक्की काय शिकवतो, ते..."

"कळतं रे सगळ्यांना!" ताईने वाक्य तिथेच तोडलं.

कुणाला काही कळलं नसावं. महिना सरत आला तरी खुर्च्या रिकाम्याच. महिनाअखेरपर्यंत एकही विद्यार्थी आला नाही तर खोली सोडायची आणि मुनीने परत गोदामात जायचं, असं ठरलं होतं. तिथे दिवसभर खोक्यांशी गाठ, बोलायचा प्रश्नच नाही.

त्यात फोनने उच्छाद मांडला. दुकान सुटलं की ताई येऊन टेबलाशी बसायची. फोन वाजायचा, ती उचलायची, आणि पलीकडे चिडीचूप. नुसता श्वास. एका संध्याकाळी तिचं डोकंच फिरलं.

"अहो, तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? काम ना धंदा, निघाले लोकांना छळायला!" तिने रिसीव्हर आदळला.

आरसा पुसणारा मुनीचा हात थांबला. "असे फोन रोज येतात?"

"रोज! मेल्यांना दुसरा उद्योग नाही."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी मुनीने उचलला. बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला.

"स... सावकाश," तो म्हणाला. "मला घाई नाही."

पलीकडून एक अर्धामुर्धा आवाज आला आणि फोन बंद झाला.

"ताई, लहानपणी फोन वाजला की मी कु... कुठे जायचो?"

"न्हाणीघरात. आतून कडी लावून. मग मीच येऊन..." ताईची नजर फोनवर गेली.

"आणि आपण अशाच लोकांना सांगतोय, फोन करा."

"अगं बाई!" ताईने कपाळावर हात मारला. "माझी अक्कल काय गहाण पडली होती?"

तिने आपणहून पेन त्याच्यापुढे केलं. मुनी लिहीत असताना तिला 'सर्वांगीण' कुठेतरी घुसवायचं फार होतं, पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी पाटी लागली, नव्या पत्रकांवरही तोच मजकूर गेला.

'अडखळत बोलता? मीही अडखळतो. पण बोलतो. तुम्हालाही शिकवतो. फोन करू नका, वर या. तुमचं वाक्य इथे दुसरं कुणी पूर्ण करणार नाही.'

"शेवटचं वाक्य मला टोमणा आहे ना रे?" ताईने विचारलं.

"हो," मुनी अजिबात न अडखळता म्हणाला.

खोलीची किल्ली परत द्यायच्या आदल्या संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. दारात एक उंचापुरा गृहस्थ उभा राहिला. बोटांना भिंतीचा रंग लागलेला, म्हणजे रंगारी असणार.

"मि... मि... मि..."

मित्र? मिनिटभर? ताईच्या जिभेवर शब्दांची नुसती चढाओढ लागली. तिने टेबलाची कड गच्च धरली आणि एकेक शब्द गिळला. मागे मुनीही वाट बघत उभा होता. रंगाऱ्याच्या कपाळावर घाम आला. तो थांबला, त्याने श्वास घेतला.

"मिठाची गुळणी," तो म्हणाला, "थु... थुंकायला आलोय."

ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लाजेने तिला कुठे बघावं कळेना. पण रंगारी हसत होता, मागे मुनीही हसत होता, मग तिलाही हसू आवरेना. डोळे पुसत तिने पहिली खुर्ची पुढे ओढली.

"स... सर को... को... कोण?" रंगाऱ्याने विचारलं.

पहिल्याच अक्षराला तिला प्रश्न कळला होता. तरी तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग खाली चष्म्याच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "हे काय, हेच सर. माझा भाऊ आहे."