झाकणावरचं नाव

झाकणांची अदलाबदल झाल्यामुळे मंगळवारी संध्याकाळी आमच्या घरी आईच्या खुर्चीत दुसरीच बाई बसली होती, आणि आई प्रयोगशाळेत, जेलमध्ये होती.

चूक माझीच. आम्ही कर्करोगाच्या पेशी काचेच्या चपट्या डिशमधल्या जेलमध्ये सोडतो आणि त्या कुठून कुठं सरकतात ते मोजतो. जेल दिसायला चायना ग्राससारखा, आतून जाळीदार. आईच्या गाठीतल्या पेशी मीच ऑपरेशन थिएटरमधून आणल्या होत्या. नाव डिशच्या तळावर लिहायचं, झाकणावर कधीही नाही, कारण झाकणं बदलतात. अकरा वर्षं मी हे नव्या मुलींना पहिल्याच दिवशी दरडावून सांगत आले. आईचं नाव लिहिताना मात्र मी घाईत होते आणि झाकण जवळ होतं.

"तुम्ही कोण?" मी घरातल्या बाईंना विचारलं.

"एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. माझ्या आईच्या शेजारच्या डिशचा नंबर. "हात धू आणि बस."

त्यांनी आईचा गाऊन घातला होता. दर तासाला त्या थोड्या रुंद होत होत्या. रात्रीपर्यंत त्यांनी हॉल व्यापला, सकाळी स्वयंपाकघर. माझा टूथब्रश त्यांच्या कोपराखाली सापडला. मी तक्रार केली.

"जागा आहे म्हणून बसते," त्या म्हणाल्या. "तुला अडचण होत असेल तर तू जा."

मी गेले. मागं दार ओढून घ्यायलाही जागा उरली नव्हती.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. केंजळे यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी रजिस्टर उघडलं नाही.

"नोंद झाकणावरून झाली आहे, नलावडे. घरी गेल्या त्याच तुमच्या आई. शुक्रवारी चारला या तुकडीच्या सगळ्या डिश ऑटोक्लेव्हमध्ये जातील."

ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेची भट्टी. तिच्यातून काहीही जिवंत बाहेर येत नाही, ती त्यासाठीच असते.

"आत माझी आई आहे, मॅडम."

"कडेपर्यंत आल्या तर घेऊन जा. हात घालून काढायचं नाही. आपण सरकणं मोजतो."

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. आई जेलच्या मधोमध पाय दुमडून बसली होती, कडेपासून तीन मिलिमीटरवर.

"आई, चल ना गं," मी म्हटलं. "हळूहळू ये. मी आहे इथं."

ती जागची हलली नाही. आईशी गोड बोललं की ती आणखी पसरून बसते. टाकून बोललं की हातातलं काम सोडून अंगावर येते. आमच्या पेशीही तशाच. मऊ जेलमध्ये लोळत राहतात आणि घट्ट जेलकडे धावतात. मी डिशच्या कडेला तोंड नेलं.

"बाबांनी तुझ्याशी बोलणं का टाकलं ते मला आता कळतंय."

तिथला जेल घट्ट झाला. आई उठली.

बुधवार आणि गुरुवार मी तिला बोलत राहिले. माझं मोडलेलं लग्न काढलं, तिनं परस्पर विकलेली माझी वाजवायची पेटी काढली. प्रत्येक वाक्याला जेल आणखी आवळत होता आणि आई रागानं पुढं येत होती. पण घट्ट जेलची भोकं बारीक असतात. आत मावण्यासाठी ती एकेक वस्तू मागं टाकत होती. आधी चष्मा, मग बांगड्या, मग कवळी. त्या वस्तू जेलमध्ये तशाच लटकून राहिल्या. गुरुवारी दुपारी ती अडकली. माझ्याकडे एकच वाक्य उरलं होतं.

"तुझी गाठ निघाली तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं."

ते खरं होतं. मला माझीच किळस आली.

"काय म्हणालीस?" आई म्हणाली. कवळी नसल्यामुळे शब्द नीट येत नव्हते. "परत म्हण."

मी परत म्हटलं. ती एका दमात पाऊण मिलिमीटर आली.

शुक्रवारी पावणेचारला ती कडेला पोहोचली. कडेच्या भोकातून तिचं डोकं काही बाहेर येईना. गोड बोलले असते तर जेल सैल झाला असता आणि ती तिथंच बसली असती. केंजळे मॅडम स्टीलचा ट्रे घेऊन माझ्या मागं उभ्या राहिल्या.

"वेळ झाली."

"आई, हात दे," मी म्हटलं.

भोकातून हात बाहेर आला, पूर्ण मापाचा. अंगठ्याशी कुकरच्या वाफेनं भाजल्याचा डाग होता. मी तो घट्ट धरला. इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग शेजारच्या भोकातून दुसरा हात आला. अंगठ्याशी तोच डाग.

"विनये, मी इथं आहे," आई म्हणाली.

"ती नाही, मी," शेजारून आई म्हणाली.

मी एक डोळा मायक्रोस्कोपला लावला. जेल पोखरत तिनं जी वाट केली होती, तिच्यावर थेट मध्यापर्यंत एकामागं एक आईच उभी होती. कुणाच्याच डोळ्यांवर चष्मा नव्हता. माझं प्रत्येक वाक्य प्रत्येकीनं ऐकलं होतं.

केंजळे मॅडमनी ट्रे डिशखाली सरकवला. मी दोन हात धरले होते, आणि तिसऱ्यानं माझं मनगट धरलं.