दातांच्या डॉक्टरांच्या हाती सापडलेला कार्बोरेटर

शेवटी गाडी सुरू झाली आणि दोष माझा नव्हता, हे सगळ्यांसमोर सिद्ध झाले.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेले नाही. असे काही घडलेलेच नाही. मी थरथर कापत होतो तेव्हा शेवट मला माहीत नव्हता, मग तुम्हीच तेवढे निवांत बसून का ऐकावे? एकट्याने घाबरण्यापेक्षा चारचौघांत घाबरलेले बरे. तेव्हा नव्याने सुरुवात करतो.

मी एक जुना कार्बोरेटर आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, निवल्यावर मला बाहेर काढले आणि लगेच अंगाला भोके पाडायला घेतली. जन्मल्या जन्मल्या ज्याच्यावर ड्रिल चालते, तो स्वभावाने भित्रा निघाला तर नवल नाही. मोठे भोक हवेसाठी, बारीक भोके पेट्रोलसाठी, आणि दोन-चार इतकी बारीक, की ती कशासाठी आहेत हे मला अजून ठाऊक नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

माझे काम साधे आहे. पेट्रोल आणि हवा ठरल्या प्रमाणात मिसळून इंजिनकडे पाठवायची. पेटवणे माझ्याकडे नाही, ते खाते वेगळे. तिथे कॉइल नावाची एक डबी बॅटरीच्या विजेतून जोरदार ठिणगी तयार करते आणि डिस्ट्रिब्युटर ती ठिणगी, पत्ते वाटावेत तशी, चार प्लगांना वाटतो. कॉइल माझ्यापासून वीतभर अंतरावर राहते. शेजार चांगला आहे असे मला वाटायचे.

आमची गाडी बिस्किटी रंगाची, गोल दिव्यांची. ती घेतली सासूबाईंनी. तेव्हा त्या सासूबाई नव्हत्या, नुसत्या बाई होत्या. जावई यायला अजून अवकाश होता. रोज सकाळी त्या चोक ओढायच्या, किल्ली फिरवायच्या आणि म्हणायच्या, "चल गं." मी लगेच कामाला लागायचो. कौतुक मात्र व्हायचे इंजिनचे. "काय गुणी इंजिन आहे!" असे लोक म्हणायचे. माझे नाव कोणी घेत नसे आणि मला तेच हवे होते. आमच्या जातकुळीत नाव निघाले की समजावे, काहीतरी बिघडले आहे.

आणि एक दिवस नाव निघाले.

भर रस्त्यात, सिग्नलला, गाडी खोकली आणि बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक टॅक्सीवाला उतरून आला, त्याने बॉनेट उघडले आणि थेट माझ्याकडे बोट दाखवले.

"कार्बोरेटर तापलाय, ताई. ओलं फडकं ठेवा त्याच्यावर."

माझ्या डोक्यावर फडके आले, तापातल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवतात तसे. मग टॅक्सीवाल्याने आपल्या मेहुण्याशी झालेले भांडण सुरुवातीपासून सांगितले. भांडण संपले तेव्हा किल्ली फिरवली, तर गाडी सुरू!

"बघा," तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं?"

झाले. गुन्हा शाबीत. कोणी वकील नाही, साक्षीदार नाही, एक फडके काय ते. त्या दिवसापासून गाडीत पाण्याची बाटली आणि ते फडके कायम राहू लागले. दहा-पंधरा मिनिटे गाडी छान पळायची, तापली की धापा टाकत मरायची, फडके ठेवून थांबले की पुन्हा जिवंत व्हायची. दर खेपेला माझेच नाव. सासूबाईंचे एकटीने बहिणीकडे जाणे बंद झाले. त्यांना जावयाच्या गाडीतून जावे लागे आणि जावई इतक्या जपून चालवत, की सायकलवाले मागे वळून त्यांची विचारपूस करत.

जावई दातांचे डॉक्टर. माणूस देवासारखा. पण त्यांना रविवारी सुट्टी असते.

"एवढ्याशा गोष्टीला गॅरेज कशाला, आई?" ते म्हणाले. "मी रोज याच्याहून बारीक काम करतो."

मित्रांनो, तुम्ही कधी दातांच्या डॉक्टरांकडे गेला असाल. निदान तुम्हाला खुर्ची मिळते. मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वर्तमानपत्रावर आडवे केले. डॉक्टरांनी कपाळाला दिवा बांधला. ट्रेमध्ये आकडे, सुया, चिमटे आणि तो छोटा गोल आरसा मांडला. मग माझ्यावर वाकून ते सवयीने म्हणाले, "काही नाही, थोडंसं जाणवेल."

थोडंसं म्हणजे किती, ते त्यांनी सांगितले नाही.

त्यांनी माझे झाकण उघडले. "अरे बापरे! काय कीड लागलीये!"

"ते पेट्रोलचं किटण आहे, डॉक्टर," त्यांची बायको ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. "आणि त्याला चूळ भरायला सांगू नका. टेबल आत्ताच पुसलंय."

डॉक्टरांनी माझा मुख्य जेट बाहेर काढला. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी पितळेची इवलीशी नळी. तिच्या भोकावर माझी सगळी अब्रू अवलंबून. त्यांनी पोलादी सुई उचलली. दिव्यात तिचे टोक चमकले. सुई जवळ आली, आणखी जवळ आली. मला ओरडता येत नाही. मग हे आत्मवृत्त मी कसे सांगतो आहे, असे कृपया विचारू नका. आधीच माझ्यावर बरेच आरोप आहेत.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "ते भोक मोठं झालं तर गाडी दुप्पट पेट्रोल पिईल. टाकी तुम्ही भरणार का?"

सुई खाली ठेवली गेली. मऊ ब्रशने आणि हवेच्या फवाऱ्याने मला स्वच्छ करण्यात आले. खोटे का बोलू, बरे वाटले. पण घाबरत घाबरत बरे वाटले. मग मला पुन्हा जोडले आणि टेबलावर एक वॉशर शिल्लक राहिला.

"हा कुठला?" बायकोने विचारले.

"एखादा जास्तीचा देतात," असे म्हणून डॉक्टरांनी तो बरणीत टाकला.

त्या बरणीविषयी सांगायलाच हवे. घराखालच्या गॅरेजच्या फळीवर ती काचेची बरणी आहे. डॉक्टरांनी घरातले जे जे उघडले आणि परत पूर्ण बसले नाही, ते ते तिच्यात आहे. मिक्सरचे एक पाते आहे. भिंतीवरच्या घड्याळाचा तासकाटा आहे. त्या घरात किती मिनिटे झाली ते कळते, किती वाजले ते कळत नाही. बरणीतून बाहेर आलेला अजून कोणी पाहिलेला नाही.

एवढे करून गाडी तापल्यावर बंद पडायची ती पडलीच.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी मोर्चा प्लगांकडे वळवला. प्लगच्या चारही वायरी त्यांनी एकदम उपसल्या, पुसल्या आणि परत लावताना त्यांना नंबर दिले. दातांना देतात तसे, ओळीने. एक, दोन, तीन, चार. आमचे सिलिंडर ओळीने पेटत नाहीत हो! एकानंतर तीन, मग चार, मग दोन, असा त्यांचा क्रम. पण दातांच्या डॉक्टरांना दोन नंबर सोडून तीनवर जायचे म्हणजे अधर्म वाटतो.

ते आरसा घेऊन माझ्या घशात डोकावले. "आई, मारा स्टार्टर!"

सासूबाईंनी मारला. चुकीच्या वेळी, चुकीच्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली आणि माझ्या पोटातून भडका निघून, धाड् आवाजासरशी, तोंडावाटे बाहेर आला. मित्रांनो, आग मी जन्मात पाहिली नव्हती. ती माझ्याच तोंडातून येईल असे वाटले नव्हते. अंगात थेंबभर पेट्रोल असताना ज्याच्या तोंडातून जाळ निघतो, त्याला भीती म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. जाळ आला तसा विझला.

"जावईबापू," आतून सासूबाईंचा आवाज आला, "आहात ना?"

"आहे."

"सगळे?"

"भुवया सोडून."

बायको धावत आली. आधी तिने नवऱ्याचे तोंड तपासले, मग इंजिनवर बोट ठेवले. "अहो, इथे कोरलंय की! एक, तीन, चार, दोन."

"दातांना असलं काही नसतं," डॉक्टर दुखावून म्हणाले.

वायरी जागच्या जागी गेल्या, पण भुवया गेल्या त्या गेल्याच आणि त्यांचा राग माझ्यावर निघाला. डॉक्टरांनी बॉनेटवर हात टेकवून, आवाज खाली आणून निकाल दिला.

"ठेवण्यात अर्थ नाही. काढून टाकावा लागेल."

आठवड्यात नवा कार्बोरेटर आला. चकचकीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, खोक्यात. खोके फळीवर ठेवले गेले, बरोबर बरणीशेजारी. बरणी मोठी आहे. मी मावलो असतो. दिवसभर मला दुसरे काही सुचेना: मी आधी तळाशी जाईन की वॉशरवर अडकून तिरका राहीन?

शनिवारी सासूबाई एकट्याच खाली आल्या. त्यांनी बॉनेट उघडले, ते फडके घेऊन माझ्या अंगावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "बघ बाबा. मी तरी काय करू? मला बहिणीकडे जायचंय रे." एवढी वर्षे मी त्यांच्यापुढे चाललो, पण त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या. लोक निरोप देताना गोड बोलतात, हे मला माहीत होते. माझे धाबे दणाणले.

रविवार उजाडला. दात उपटण्याआधी डॉक्टर एक फोटो काढतात, तशी त्यांना शेवटची खात्री करायची होती. गॅरेजचे दार सताड उघडून गाडी सुरू ठेवली. ती तापली, खोकली, मेली. डॉक्टरांनी माझ्यावर फडके टाकले, मग आठवले की आज मला काढायचे आहे. त्यांनी फडके उचलले. आता ते ठेवायचे कुठे? एका हातात पक्कड, दुसऱ्यात नवे खोके. त्यांनी ते शेजारी टाकले. कॉइलवर.

"दहाचा पाना कुठाय?"

"शोधतेय," बायको म्हणाली.

"इथेच होता," बऱ्याच वेळाने ते म्हणाले.

"तुम्ही त्याच्यावर उभे आहात."

एवढ्यात सासूबाई सीटवर बसल्या आणि शेवटचे म्हणून त्यांनी किल्ली फिरवली. "चल गं."

गाडी सुरू झाली! एका झटक्यात. डॉक्टर दोन्ही हात कपाळावर, म्हणजे भुवयांच्या जागी धरून मागे सरले.

"फडकं नसताना?" ते म्हणाले.

"फडकं आहे की," बायको म्हणाली. "फक्त त्याच्यावर नाहीये. त्या डबीवर आहे."

मग बायकोने फडके काढून घेतले. सगळे वाट पाहत उभे राहिले. काही वेळाने गाडी पुन्हा मेली. डॉक्टरांनी पहिल्यांदा शहाण्यासारखे काहीतरी मागितले: "आई, किल्ली माझ्याकडे द्या." किल्ली खिशात टाकून ते माझ्या घशात डोकावले आणि बोटाने माझा अॅक्सिलरेटरचा दांडा ओढला.

मित्रांनो, मला एवढेच करता येते, ते मी केले. पेट्रोलची बारीक, सरळ धार सोडली.

"अरे," डॉक्टर हळूच म्हणाले, "हा तर देतोय."

मी दर वेळी देत होतो. सिग्नललाही देत होतो. कोणी वाकून पाहिलेच नव्हते.

मग त्यांनी माझे तोंड एअर फिल्टरने बंद केले, एक प्लग काढून वायरीला जोडला, रबरी मुठीच्या पकडीने इंजिनला टेकवून धरला आणि सासूबाईंना किल्ली परत देऊन स्टार्टर मारायला लावला. ठिणगी कशीबशी, पिवळट, आजारी. फडके पुन्हा कॉइलवर ठेवले, जरा थांबले, तर ठिणगी निळी आणि कडकडीत. तापली की कॉइल दम सोडत होती. पट्टी माझ्या डोक्यावर आणि ताप शेजारणीला! टॅक्सीवाल्याचे भांडण ऐकता ऐकता ती आपली गुपचूप निवत होती. चांगला शेजार म्हणतात तो हा.

नवी कॉइल आली. एक पट्टी, थोड्या वायरी, काम संपले. सासूबाई त्याच दुपारी एकट्या बहिणीकडे गेल्या आणि मुद्दाम लांबच्या रस्त्याने परत आल्या. माझी कोणी माफी मागितली नाही. माझी हरकत नाही. माझे नाव निघाले नाही, यातच मला सगळे मिळाले.

तर मुलांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा. पण बेताने राखा. गाडी बंद पडली तर आधी पेट्रोल येते का ते पाहा, मग ठिणगी येते का ते पाहा, आणि एका वेळी एकाच गोष्टीला हात लावा. जो गप्प आहे त्याला उघडण्याआधी, तो आपले काम करतो आहे का, एवढे वाकून बघा.

आता खरी भीती सांगतो. नव्या कार्बोरेटरचे खोके फोडलेले असल्याने दुकानदार तो परत घेत नाही. "असू दे घरात," डॉक्टर म्हणाले. मग बॉनेट लावता लावता ते खुशीत हसले आणि म्हणाले, "आता मला यातलं कळायला लागलंय. पुढच्या रविवारी गिअरबॉक्स बघू."

सबब, संबंधित अधिकाऱ्यांस सविनय विनंती करण्यात येते की, अर्जदार हा भित्रा, निर्दोष आणि एक वॉशर कमी असलेला कार्बोरेटर असून, सर्व दातांचे दवाखाने दर रविवारी दिवसभर उघडे ठेवण्याचे आदेश तातडीने काढण्यात यावेत. तसेच समस्त नागरिकांनी आपापल्या दाढा यापुढे फक्त रविवारीच, आणि शक्यतो सकाळी लवकर, दुखवून घ्याव्यात.