ह्युरॉनमधली सहा मिनिटं

शिकागोच्या हॉटेलातल्या त्या खोलीत सकाळी नऊलाच इतका उकाडा होता की पुरुषांनी कोट काढून पलंगावर टाकले होते. गव्हर्नर हॉलिस वॉर्नॉक यांना आदल्या दिवशी पक्षाने अध्यक्षपदाची उमेदवारी दिली होती. आता बारा वाजायच्या आत त्यांना उपाध्यक्षपदासाठी आपला जोडीदार ठरवायचा होता. लेनोर किट्रेज खिडकीपाशी उभी होती. पर्समध्ये वडिलांचं खिशातलं घड्याळ होतं आणि हातात त्यांच्या अक्षरातलं एक कार्ड.

ॲम्ब्रोज किट्रेज एप्रिलमध्ये गेले. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस शोधायचा, हे एकच काम त्यांनी पक्षासाठी आयुष्यभर केलं. मॅकिन्ली, हार्डिंग, रूझवेल्ट. त्यांच्या डोळ्यांदेखत तीन अध्यक्ष पदावर असताना गेले होते आणि तिन्ही वेळा दुसरा माणूस एका दिवसात त्या खुर्चीत जाऊन बसला होता. म्हणून बाकीचे राज्याराज्यांची मतं मोजत तेव्हा ॲम्ब्रोज आगगाडीने कुठल्यातरी लहान गावी जात आणि सभागृहात मागच्या बाकावर बसत. माणूस स्वतःची बाजू कशी मांडतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. तो दुसऱ्याची ओळख कशी करून देतो, हे ते घड्याळ लावून ऐकत. शेवटची दोन वर्षं नजर अधू झाली, तेव्हा शेजारी बसून काटा बघायचं काम लेनोरकडे आलं. कार्ड मात्र ते स्वतःच लिहीत, मोठ्या, तिरक्या अक्षरांत.

वॉर्नॉकना त्यांनी नाव द्यायचं कबूल केलं होतं. ते नाव पोचवायला लेनोर आली होती. तिने ते टेबलावर ठेवलं आणि खोलीत हशा पिकला.

ओवेन लिंडक्विस्ट. साउथ डकोटाचे सिनेटर.

प्रचारप्रमुख मॅगिनिसने डोळे पुसले. वाईट माणूस नव्हता तो; ॲम्ब्रोजच्या शवपेटीला खांदा दिलेल्यांपैकी होता. पण त्याला पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर डेल हवे होते.

"पोरी, डेलच्या राज्यात बत्तीस मतं आहेत. तुझ्या या माणसाकडे चार. उरलेली अठ्ठावीस काय गाई आणणार आहेत?"

लेनोरने डेल यांचंही कार्ड आणलं होतं. तिने ते वाचून दाखवलं. हॅरिसबर्ग. खाणकामगारांच्या पुढाऱ्याचा सत्कार. अकरा मिनिटं, त्यातली नऊ स्वतःबद्दल. मग लिंडक्विस्ट यांचं. ह्युरॉन, साउथ डकोटा. मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप समारंभ. सहा मिनिटं, स्वतःबद्दल काही नाही. तो दिवस तिला लख्ख आठवत होता. लोक त्या बाईंबद्दलच बोलत घरी गेले होते. त्यांची ओळख कुणी करून दिली, हे अर्ध्यांना सांगता आलं नसतं.

मॅगिनिसने कार्ड हातात घेतलं आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एकच शब्द होता, दोनदा अधोरेखित केलेला: भांडतो.

"हे बघा गव्हर्नरसाहेब. ॲम्ब्रोजनेच लिहून ठेवलंय. भांडखोर माणूस चार वर्षं घरात घ्यायचाय का तुम्हाला?"

वॉर्नॉकनी लेनोरकडे पाहिलं. तो शब्द बाबांनी का लिहिला, हे विचारायचं राहून गेलं होतं. आत्ता ती गप्प राहिली, तर बाबांचं शेवटचं कार्ड रद्दीत जाणार होतं आणि जोडीदार म्हणून डेल ठरणार होते. पण बाबांनी एखादा शब्द दोनदा अधोरेखित केलेला तिने आजवर फक्त कौतुकाच्या वेळीच पाहिला होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण ते खालच्याच मजल्यावर उतरलेत. बोलावून घ्या. तुमचं आज संध्याकाळचं भाषण त्यांना वाचायला द्या आणि बघा."

लिंडक्विस्ट आले. उंच, किंचित वाकलेले, टाय सैल. जोडीदार म्हणून आपला विचार चाललाय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण ओळखू न येण्याइतके ते भोळे नव्हते. त्यांनी उभ्यानेच भाषण वाचलं. चौथ्या पानावर थांबले.

"पोरं नाताळपर्यंत युद्धावरून घरी येतील, असं इथे म्हटलंय. हे काढा."

मॅगिनिस म्हणाला की सगळ्यांत जास्त टाळ्या याच वाक्याला पडणार आहेत.

"पडतील की," लिंडक्विस्ट शांतपणे म्हणाले. "आणि नाताळच्या जेवणाला हजारो आया एक ताट जास्तीचं मांडतील. गव्हर्नरसाहेब, त्या ताटांचं काय करणार?"

वॉर्नॉकचा चेहरा लाल झाला. ते वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं होतं.

"आणि मी नाही काढलं तर?"

"तर बाहेर मी या भाषणाविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण उद्या सकाळी याच खोलीत येऊन पुन्हा भांडेन."

वॉर्नॉकनी खिशातली पेन्सिल काढली, ते वाक्य खोडलं, आणि कार्ड उचलून तो शब्द पुन्हा वाचला. ते हसू लागले. हसता हसता त्यांनी लिंडक्विस्टपुढे हात केला. मॅगिनिसने कपाळाचा घाम पुसला आणि पेनसिल्व्हेनियाच्या मंडळींची समजूत काढायला कोट चढवून निघाला. दारातून तो मागे वळला.

"तुझ्या बाबांनी मेल्यावरही मला हरवलं बघ."

संध्याकाळी सभागृहात मतदानासाठी एकेका राज्याचा पुकारा सुरू झाला. अलाबामा, ॲरिझोना, आर्कान्सॉ... साउथ डकोटाची पाळी येईपर्यंत पारडं कधीच झुकलं होतं. तिथले लोक खुर्च्यांवर चढून उभे होते. मग पेनसिल्व्हेनियाचा प्रमुख पुन्हा उठला आणि निवड एकमताने व्हावी असं म्हणाला. वाद्यवृंद सुरू झाला. राज्यांची नावं लिहिलेल्या काठ्या नाचू लागल्या.

लिंडक्विस्ट बोलायला उभे राहिले तशी लेनोरने पर्समधून घड्याळ काढलं. एप्रिलपासून रोज सकाळी ती त्याला किल्ली देत होती. तिने झाकण उघडलं.

दुसऱ्याच वाक्यात वॉर्नॉकचं नाव आलं. एका दुष्काळात वॉर्नॉकनी काय केलं ते आलं, त्यांचे जुने प्रतिस्पर्धी त्यांच्याबद्दल काय सांगतात ते आलं. सकाळी ज्या माणसाने त्यांना तोंडावर अडवलं होतं, तोच आता हजारो लोकांपुढे त्यांना असा उभा करत होता की कालपर्यंत डेलसाठी अडून बसलेले लोकही खुर्च्या सोडून उठले. लेनोरही उठली. दोन्ही हातांनी, घड्याळासकट, टाळ्या वाजवत राहिली.

भाषण संपल्यावर तिने खाली पाहिलं. झाकण उघडंच होतं, आणि किती मिनिटं झाली ते तिला माहीत नव्हतं. एकदाही काट्याकडे पाहायचं सुचलं नव्हतं.

तिने घड्याळ हलकेच मिटलं. शेजारची डकोटाची बाई तिला मिठी मारून विचारत होती, वॉर्नॉक एवढे मोठे आहेत हे माहीतच नव्हतं गं; बोललं कोण, आपले ओवेनच ना?