लाडवांच्या पहाऱ्यावरचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे, आणि सध्या करी रोडच्या एका टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या एका कपाटाला लटकते आहे. कुलूप म्हटले की लोकांना वाटते, हे दुसऱ्याला कोंडते. खरे तर सगळ्यात आधी ते स्वतःच अडकते. दाराला निदान पलीकडची बाजू तरी दिसते. मला समोरचा फ्रिज आणि ओट्यावरचा मिक्सर एवढेच दिसते.

माझा जन्म अलीगढच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात सात लिव्हर, म्हणजे किल्लीने हलणाऱ्या पट्ट्या, आहेत, आणि तसे माझ्या छातीवर कोरलेही आहे. लालबागच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी टांगलेले असताना अप्पांनी मला विकत घेतले. त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. विम्याच्या कचेरीत नोकरी होती आणि याच जागेवर तेव्हा जी चाळ होती, तिच्यात एक खोली. त्या खोलीच्या दाराला मी लागले.

ते माझे सुखाचे दिवस होते. गॅलरीत असल्यामुळे सगळा मजला माझ्यासमोरून जायचा. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचे भांडण झाले, सगळे मला आधी कळायचे. दसऱ्याला मला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल मिळायचे. अप्पा अधूनमधून किल्लीला खोबरेल तेल लावून माझ्या पोटात फिरवायचे. मात्र त्यांची एक खोड होती. मला लावले की ते ओढून बघायचे. मग जिना उतरायचे, अर्ध्यावरून परत यायचे आणि पुन्हा ओढायचे. मला राग यायचा. सात लिव्हरच्या कुलपावर असा संशय घेणे बरे नाही. खूप उशिरा माझ्या ध्यानात आले की त्यांचा संशय माझ्यावर नव्हताच. आपण कुलूप लावले की नाही, याचा त्यांना भरवसा नसायचा.

पुढे चाळ पाडली आणि तिच्या जागी हा टॉवर उभा राहिला. इथल्या दारांना लॅच असते. दार ओढले की आपोआप बंद होते, ओढून बघायचीही गरज नाही. मी एका खणात गेले. तिथे जुन्या वायरी होत्या, बंद पडलेले घड्याळ होते आणि माझ्या अगदी शेजारी एक लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर होता. कित्येक वर्षे आम्ही एकमेकांना खेटून पडलो होतो. मला तो चांगला वाटला होता.

मग अप्पांच्या पायाचे बोट गेले. त्यांना मधुमेह होता, पथ्य नव्हते. एक जखम चिघळली आणि परळच्या हॉस्पिटलात बोट काढावे लागले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले की साखर अशीच राहिली तर पुढच्या वेळी पाऊल काढावे लागेल. अप्पा हबकले. ते हिशेबी माणूस. घरी आल्यावर त्यांनी मुलाला, सौमित्रला, आणि सुनेला, मृणालिनीला समोर बसवले आणि स्वतःच तोडगा काढला.

"गोडाच्या कपाटाला कुलूप लावायचं. किल्ली मृणालकडे. मी मागितली तरी द्यायची नाही."

"अप्पा, तुम्ही चिडाल," मृणालिनी म्हणाली.

"चिडलो तरी नाही. चिडलेला माणूस मी नव्हे असं समज."

किती शहाणा माणूस! मला तर अभिमान वाटला. त्या स्क्रूड्रायव्हरने कपाटाला कडी-कोयंडा बसला, मला तेल मिळाले आणि मी पुन्हा नोकरीवर रुजू झाले. आत बेसनाचे लाडू होते, शंकरपाळे होते, बर्फी होती. तुम्ही म्हणाल, हे सगळे घरात ठेवायचेच कशाला? मलाही तोच प्रश्न पडला होता. पण हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नाही. आल्यागेल्याच्या हातावर काही गोड ठेवायला नको? गोडाशिवाय घर म्हणजे काय घर? असे त्यांना वाटे. म्हणून माणसाला जे खायचे नाही, ते घरात भरून ठेवायचे आणि त्याला कुलूप लावायचे, असे ठरले.

सकाळचे अप्पा मला शाबासकी द्यायचे. दुपारी चारच्या सुमाराला दुसरे अप्पा यायचे. घरात तेव्हा कोणी नसे, मुलगा-सून कचेरीत. अप्पा माझ्यासमोर उभे राहायचे आणि मुद्दे मांडायचे. आज भारतमाता नाक्यापर्यंत चालत जाऊन आलो, म्हणजे एका लाडवापुरती साखर जळलीच असणार. डॉक्टर तरुण आहे, त्याने अजून किती पाय बघितलेत? एकादशीला तर ते फारच हुशार व्हायचे. उपवास केला म्हणजे दिवसभरात काही खाल्ले नाही, मग एका लाडवाची जागा उरलीच की! इतकी वर्षे कचेरीत ज्या बुद्धीने त्यांनी चुका शोधल्या, ती बुद्धी चार वाजता लाडवाची नोकरी करायची. तिला कुठलेही काम सांगा, ती चोख करून द्यायची.

एकदा त्यांनी मृणालिनीला फोन लावला. तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"अगं, किल्ली कुठे ठेवलीयस? शेजारचा बाबुराव आलाय. हातावर काहीतरी द्यायला नको?"

"बाबुरावकाकांना फोन द्या ना, बोलते मी."

अप्पांनी फ्रिजकडे बघितले. "तो बाथरूममध्ये गेलाय."

"मग बाहेर आले की बोलते. मी होल्ड करते, अप्पा."

बाबुराव बाथरूममधून काही बाहेर आले नाहीत. अप्पांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असे बघितले, जणू मीच चुगली केली होती. नंतर खूप लोक म्हणाले की एकटेपणामुळे असे होते, म्हातारपणी माणसाला सोबत हवी असते. असेलही. पण मी समोर होते. त्यांना लाडूच हवा होता.

आणि मग ती दुपार आली. अप्पांनी खण उघडला आणि तो लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन ते आले. मला वाटले, आता मला फोडणार. मी सातही लिव्हर आवळून धरले. अप्पांनी मला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी कोयंड्याचे स्क्रू काढले. कोयंडा लाकडातून सुटला, दार उघडले आणि मी तिथेच लटकत राहिले, बंदच्या बंद. मित्रांनो, ही केवढी नामुष्की! माझे काम मी नीट केले होते आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

अप्पांनी उभ्या उभ्या एक लाडू खाल्ला. डोळे मिटून, अगदी सावकाश. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तसा मी त्यांच्या नव्या संसाराच्या दिवसांनंतर बघितला नव्हता, हेही सांगायला हवे. मग त्यांनी कोयंडा होता तसा बसवला, स्क्रू आवळले, आणि चक्क मला ओढून बघितले.

त्यानंतर हे रोजचेच झाले. साखर वाढत गेली. सगळे चक्रावले.

"कुलूप तर लावलंय! मग साखर येतेय कुठून?" मृणालिनी रिपोर्ट बघून म्हणायची. त्यांनी अप्पांचा भात बंद केला, बटाटा बंद केला, औषध बदलून घेतले. सौमित्रने येऊन मला ओढून बघितले. "काय दणकट आहे, यार! आजकाल अशी कुलपं मिळत नाहीत," तो म्हणाला. आयुष्यात झालेले सगळ्यात मोठे कौतुक मला नेमके अशा वेळी मिळाले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की अरे, मला काय बघता, माझ्या शेजारचे स्क्रू बघा! पण माझे तोंड फक्त किल्लीपुरते उघडते. आणि कुलपाला कोणी काही विचारत नाही.

डब्यातले लाडू कमी होत होते, हे त्यांना दिसत नव्हते का? दिसत होते. पण सौमित्र जेवण झाले की बायकोकडून किल्ली मागून घ्यायचा आणि दोन लाडू उडवायचा. मृणालिनीचे कचेरीत साहेबाशी वाजले की घरी आल्या आल्या ती मूठभर शंकरपाळे खायची आणि मगच चपला काढायची. प्रत्येकाला वाटायचे की दुसऱ्याने खाल्ले असतील, आणि विचारायला जावे तर आपलेच खाणे निघायचे. म्हणून सगळे गप्प. त्या कपाटासमोर त्या घरातला एकही माणूस धड शहाणा नव्हता.

एके दिवशी मृणालिनीला फरशीवर ओला, पिवळसर डाग दिसला. अप्पा चालत होते तिथे तिथे तसे डाग होते. नवी चप्पल लागून त्याच पायाला फोड आला होता, तो फुटला होता आणि अप्पांना कळलेच नव्हते. मधुमेहाने त्या पायाला आता काही कळत नसे. लगेच परळला नेले. डॉक्टर म्हणाले, दोनतीन दिवस बघू, नाहीतर पाऊल काढावे लागेल. हे मला फोनवरच्या बोलण्यातून समजले. घर रिकामे झाले. मी बंद कपाटाला लटकत होते. अप्पांचे पाऊल ज्यामुळे जाणार होते, ते माझ्या पाठीमागे डब्यात होते, आणि ते तिथून कसे बाहेर गेले, हे जगात फक्त मला माहीत होते. इतके कोंडल्यासारखे मला कधी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मृणालिनी कपडे न्यायला घरी आली. रडून तिचे डोळे सुजले होते. ती कपाटाशी आली, किल्ली काढायचीही वाट न बघता तिने मला धरून ओढले. सवयीने असेल, नाहीतर रागाने. रोज स्क्रू काढून घालून लाकडातली भोके सैल झाली होती. आख्खा कोयंडा माझ्यासकट तिच्या हातात आला. तिने ती सैल भोके बघितली, झिजलेले स्क्रू बघितले आणि ती खाली फरशीवरच बसली. तिच्या हातून मी सुटू नये असे मला वाटत होते. तिने मला रुमालात गुंडाळले आणि हॉस्पिटलात नेले.

तिने मला अप्पांच्या पांघरुणावर ठेवले. सौमित्र शेजारी उभा होता. अप्पांनी मला ओळखले आणि मान फिरवली.

"कुलपाला काही बोलू नकोस," ते म्हणाले. "त्यानं त्याचं काम केलंय."

"पण का अप्पा?" सौमित्रचा आवाज चढला. "तुम्हीच लावायला सांगितलं होतंत ना?"

"मीच सांगितलं होतं. उघडलंही मीच. दोन्ही वेळेला मला अगदी बरोबर वाटत होतं रे."

"पाय जाईल हे कळत नव्हतं?"

"कळत होतं," अप्पा म्हणाले आणि रडायला लागले. मी त्यांना चाळीस वर्षांत असे कधी पाहिले नव्हते. मलाही फार वाईट वाटले.

सौमित्र गडबडला. "बरं, जाऊ दे. लोखंडी कपाट आणू. वेल्डिंग करून घेऊ."

"आणि तू जेवल्यावर काय खाणार?" मृणालिनी म्हणाली. "आणि घरी आल्यावर मी काय खाणार? कपाट रिकामं करायचं, सौमित्र. लाडवांसकट."

"गणपतीत लोक येतील त्यांना?"

"शेंगदाणे देईन. नाही आले तर नाही आले."

पाऊल या खेपेला वाचले. जखम भरायला पावसाळा गेला. कपाट रिकामे झाले, आणि मला वाटले आता पुन्हा खण. पण अप्पांनीच कोयंडा पुन्हा बसवून मला लावायला सांगितले. मृणालिनी हसली. "अप्पा, रिकाम्या कपाटाला कुलूप?"

"रिकामं आहे हे आत्ता माहीत आहे गं," अप्पा म्हणाले. "चार वाजता माहीत नसतं."

तेव्हापासून मी रिकाम्या कपाटावर पहारा देते आहे. आता डॉक्टरांनी अप्पांना रोज थोडे चालायला सांगितले आहे. आज ते पहिल्यांदा एकटे खाली उतरले. टॉवरच्या गेटाबाहेर पडले की डाव्या हाताला मिठाईचे दुकान आहे. त्या दुकानाला मी लागत नाही. ते परत येईपर्यंत मी दाराकडे कान लावून होते. चार वाजून गेले होते. दार उघडल्याचा आवाज आला. अप्पा थेट स्वयंपाकघरात आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते.

"आज नाही घेतलं," ते म्हणाले. घरात कोणी नव्हते, म्हणून मला म्हणाले.

मित्रांनो, त्यांनी ‘आज’ म्हटले. उद्या पुन्हा चार वाजणार आहेत, आणि दुकान तिथेच असणार आहे. तुमच्याही घरात असे कोणी असेल. त्यांच्यासाठी माझ्यासारखे मजबूत कुलूप शोधत बसू नका, आणि लावलेच तर ओढून बघून निश्चिंत होऊ नका. उद्या अप्पा चालायला निघतील तेव्हा त्यांच्याबरोबर कोणीतरी जा. मी गेले असते, पण मला इथून निघता येत नाही.